साताऱ्यात जुनी जपानी फोर बाय फोर घेताना: आधी चेसिस, मग कागद, शेवटी रंग

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणारी गाडी, घ्यायचं मनात आणलं की साताऱ्यात सल्ला देणारे लगेच भेटतात. "जपानी घे, मग आयुष्यभर बघायला नको," असं ते सांगतात. यातलं पहिलं म्हणणं बरोबर आहे, दुसरं मात्र महागात पडतं. मारुती सुझुकीच्या जिप्सी आणि जिम्नी, टोयोटाच्या फॉर्च्युनर आणि हायलक्स या गाड्या वीस-वीस वर्षं चालतात, कारण त्यांची बांधणी तशी आहे आणि कुणीतरी त्यांच्याकडे वेळेवर बघितलेलं असतं. ज्या गाडीकडे कुणी बघितलं नाही ती जपानी असली तरी खालून सडते. असली गाडी पहिल्यांदाच घेणाऱ्याने काय क्रमाने करावं ते इथे सांगतो. उदाहरणं सातारा-सांगली भागातली आहेत, कारण गाडी कुठे राहिली यावर तिची निम्मी तब्येत ठरते.

पहिली पायरी: गाडी कुठे चालणार आहे?

आपल्या जिल्ह्यात दोन वेगळे देश आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास अडखळतो. पश्चिमेला जावळी, पाटण, कोयनेच्या बाजूला जांभ्याची लाल माती, शेवाळलेले चढ आणि चार महिने न वाळणारी गाडी. तिथे शत्रू गंज. पूर्वेला माण-खटावात धूळ. तिथे एअर फिल्टर, रेडिएटर आणि रबरी बुश यांचे हाल. मधल्या कृष्णाकाठी, कराडपासून वाळवा-मिरजेपर्यंत, काळी माती. वापसा नसलेल्या रानात ती टायरला अशी धरते की चारही चाकं फिरत राहतात आणि गाडी जागेवरच बसते.

आता स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. पोवई नाक्यावरून यवतेश्वर घाटाने कासला महिन्यातून एकदा जायचं एवढंच असेल, तर तो रस्ता डांबरी आहे. त्यासाठी फोर बाय फोर लागत नाही. पुढचा एक्सल, ट्रान्सफर केस (इंजिनाची ओढ पुढे-मागे वाटणारी गिअरची पेटी) आणि जादा शाफ्ट यांचं वजन तुम्ही रोज पेट्रोल घालून वाहणार आणि त्यांचं ऑइलही बदलत राहणार. रानातलं घर, डोंगरातली वस्ती, बामणोली-तापोळ्याकडचे कच्चे रस्ते, पावसाळ्यात दूध किंवा माणसं खाली आणण्याची गरज असेल, तरच पुढे वाचा.

दुसरी पायरी: टिकाऊपणा नेमका कशात असतो ते समजून घ्या

या गाड्यांखाली स्वतंत्र चेसिस असते. लांबीच्या दोन पोलादी तुळया आणि मध्ये आडव्या पट्ट्या. इंजिन, एक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग) हे सगळं त्या चेसिसला बसतं आणि बॉडी वर रबराच्या गादीवर ठेवलेली असते. खड्ड्यातला मार चेसिस खाते, दरवाजे आणि काचा वाचतात. शहरी एसयूव्हीत बॉडी हीच चेसिस असते. ती डांबरावर सुखाची, पण वर्षानुवर्षं दगडातून चालवली की तिचे सांधे बोलू लागतात.

दुसरी गोष्ट इंजिनाची. जिप्सीचं नंतरचं १२९८ सीसीचं एमपीएफआय इंजिन साधारण ८० अश्वशक्तीचं, आणि आजच्या जिम्नीचं १४६२ सीसीचं, टर्बो नसलेलं, १०५ च्या आसपास. शर्यतीच्या हिशेबाने हे आकडे लहान आहेत, पण टिकण्याच्या हिशेबाने उत्तम. इंजिनाला त्याच्या ताकदीच्या टोकावर राबवलेलं नाही, म्हणून उष्णता कमी, झीज कमी.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जपानी कंपन्या चालत आलेली रचना सहजासहजी टाकत नाहीत. जिम्नी १९७० पासून चेसिस आणि सलग एक्सल (डावं-उजवं चाक जोडणारा अखंड एक्सल) धरून आहे. टोयोटा लँड क्रूझरची ७० मालिका १९८४ साली आली आणि काही देशांत अजून नवी मिळते. आपली जिप्सी १९८५ पासून २०१८-१९ पर्यंत त्याच मूळ साच्यावर बनत राहिली. रचना टिकली की चुका सापडतात आणि सुधारतात. सुटे भाग सर्वत्र पोचतात आणि मिस्त्रीचा हात त्यावर बसतो. लष्कराने जिप्सी इतकी वर्षं वापरली त्यामागे हेही कारण आहे.

पण अंधभक्ती नको. अमेरिकेत टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया गाड्यांच्या चेसिस गंजून कमकुवत झाल्या. त्यावरून झालेल्या दाव्यात २०१६ साली कंपनीला मोठी तडजोड करावी लागली. तिथे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ होतं आणि चेसिसवरचा गंजरोधक लेप अपुरा होता. आपल्याकडे मीठ नाही, पण कोयनाकाठचा पावसाळा आहे.

तिसरी पायरी: कुठली गाडी?

जिप्सी. शिकायला आणि रानात राबवायला हिच्यासारखी दुसरी नाही. वजन हजार किलोच्या आसपास, त्यामुळे जड गाडी जिथे रुतते तिथून ही निघते. पुढे-मागे पाटे, त्यामुळे पाठीला आराम नाही, मूळ गाडीला एसीही नाही. अॅव्हरेजची अपेक्षा ठेवू नका. तरुण माणसाने, एकट्याने किंवा दोघांनी वापरायची गाडी आहे. कुटुंबाला घेऊन पंढरपूरला जायची नाही.

जिम्नी. भारतात पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये आली. गुरुग्रामला बनते आणि तिथूनच जपानलाही जाते. २०२५ च्या सुरुवातीला तिथे सुमारे ५० हजार मागण्या काही दिवसांत आल्या आणि बुकिंग थांबवावं लागलं. पाट्यांऐवजी स्प्रिंग, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंची, लो रेंजचा (कमी वेग, जास्त ओढ) वेगळा दांडा. नवख्याला मी हीच सुचवतो. जुन्या बाजारात आलेल्या जिम्नी अजून तरुण आहेत, सर्व्हिसची नोंद मिळते आणि मारुतीचे सुटे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात.

फॉर्च्युनर. पहिली २००९ ची, तीन लिटर डिझेलची. दुसरी २०१६ च्या अखेरीची, २.८ लिटरची. पहिलीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो लाख ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलला जातो. बदलल्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेला नाही असं धरून किंमत पाडा. याच इंजिनात इंजेक्टरखालच्या तांब्याच्या सीलमधून गळती होण्याचा दोष जगभर माहीत आहे. जळालेला वायू खाली उतरतो, ऑइलमध्ये काजळी साठते, ऑइलची जाळी तुंबते आणि मग इंजिन कोरडं पडतं. हे वेळेत बघितलं तर किरकोळ काम, नाही बघितलं तर पूर्ण इंजिन. दुसऱ्या पिढीच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीत धूर गाळणारा डीपीएफ आहे. रोज घर ते दुकान दोन किलोमीटर चालवणाऱ्याने ती घेऊ नये. फिल्टर स्वच्छ व्हायला लांब पल्ला लागतो.

इसुझू व्ही-क्रॉस आणि टोयोटा हायलक्स या मागे हौदा असलेल्या. शेती आणि व्यवसायासाठी भक्कम, पण लांबी इतकी की गावातल्या बोळात वळवताना घाम निघतो. मित्सुबिशी पजेरो स्पोर्ट चालवायला सुरेख, कंपनीला डाकार रॅलीची १२ विजेतेपदं मिळवून देणाऱ्या पजेरोच्या कुळातली. मात्र इथली विक्री बंद झाल्यापासून भाग मागवून थांबावं लागतं. दुसरी गाडी दारात उभी असेल तरच तिच्या वाटेला जा.

चौथी पायरी: गाडी बघायला जाणं

इथे घाई करू नका. अर्धा दिवस काढा, ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, त्याची मजुरी आनंदाने द्या. मालकाला आदल्या दिवशी सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका." पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा घ्या आणि गार होईपर्यंत थांबा.

गाडी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवा आणि आधी खाली जा. रंग, सीट, स्क्रीन हे सगळं नंतर. छोटी हातोडी घेऊन चेसिसवर टप्प्याटप्प्याने ठोकत चला. निरोगी पोलाद खणखणीत वाजतं. बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले किंवा हातोडी आत दबली, तर तिथला पत्रा आतून खाल्लेला आहे. मागच्या चाकांच्या वरचा आणि मागचा भाग, पाट्यांची टोकं चेसिसला जोडणारे शॅकल जिथे बसतात ती जागा, बॉडीच्या रबरी गाद्यांभोवतीचा भाग, आडव्या पट्ट्यांचे जोड नीट बघा. चेसिसची तुळई आतून पोकळ असते. चिखल भोकांतून आत जातो, ओल धरून बसतो आणि गंज आतून बाहेर येतो. जिप्सीत ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा आणि मागच्या हौद्याचे कोपरेही तपासा. चटई उचलायला लाजू नका.

खालून सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला दिसला तर मी सरळ परत येतो. विकण्याआधी चेसिस रंगवण्याचं सरळ कारण क्वचित असतं. वरवरचा तांबूस गंज चालतो, ब्रशने निघतो. चेसिसवर नंतर केलेलं वेल्डिंग, ठिगळ किंवा वाकलेली तुळई असेल तर कितीही स्वस्त मिळू दे, सोडून द्या. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण गाडीचा नंबर चेसिसवर कोरलेला असतो. तो नंबर कापडाने पुसून आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा.

मग ऑइल. पुढच्या-मागच्या डिफरेन्शियलचा (एक्सलच्या गोल पेटीतल्या गिअरांचा) आणि ट्रान्सफर केसचा भरायचा बोल्ट मिस्त्रीला उघडायला सांगा आणि बोट घालून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. हे कसं होतं ते लक्षात ठेवा, पुढे चालवतानाही उपयोगी पडेल. लांब चालून गरम झालेला एक्सल एकदम ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि सील किंवा हवेच्या नळीतून पाणी आत ओढलं जातं. ती नळी वर बॉनेटपर्यंत वाढवून घेणं हे स्वस्तातलं आणि फार मोलाचं काम आहे.

पुढचं चाक जॅकवर उचला. टायर वर-खाली धरून हलवा. खुळखुळ असेल तर किंगपिनचे (चाक ज्यावर वळतं त्या पिनचे) बेअरिंग किंवा हबचे बेअरिंग झिजलेत. जिप्सी आणि जिम्नीसारख्या सलग एक्सलच्या गाड्यांत ही झीज वाढली की साठ-सत्तरच्या वेगात स्टिअरिंग थरथरू लागतं. पुष्कळ लोक त्यावर महागडा स्टिअरिंग डॅम्पर बसवतात आणि आजार झाकतात. चाकामागच्या नकलच्या (वळणाऱ्या सांध्याच्या) गोलावर ग्रीस आणि ऑइलचं मिश्रण वाहिलेलं दिसलं तर सील गेलंय. जिप्सीत ट्रान्सफर केस रबरी माउंटवर वेगळी लटकते. गिअर टाकताना "ठक्" असा आवाज आला तर ते माउंट किंवा शाफ्टचे क्रॉस बघा. हे सगळे दुरुस्तीयोग्य दोष आहेत. ते दिसले म्हणून पळू नका, किंमत ठरवताना बोला.

आता इंजिन गारच असताना सुरू करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करा. जोरात भपकारे येऊन झाकण उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत.

शेवटी फोर बाय फोर खरंच लागते का, हे डांबरावर नाही, मऊ रानात तपासा. शेतमालकाला विचारून नांगरट झालेल्या तुकड्यात न्या. आधी फोर-हाय (चारही चाकांना ओढ, नेहमीचा वेग), मग गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रल करून फोर-लो (चारही चाकांना ओढ, लो रेंजमध्ये). दिवा लागला म्हणून समाधान मानू नका. एकाने बाहेर उभं राहून पुढची चाकं माती उडवतात का ते बघावं. ज्या जिप्सींना हाताने फिरवायचे हब (पुढचं चाक एक्सलच्या शाफ्टला जोडणारे) आहेत त्यांचे हब जाम असतात, कारण आधीच्या मालकाने ते कधी फिरवलेलेच नसतात. जिम्नीत हब व्हॅक्यूमने, म्हणजे नळीतून हवा ओढून लागतात. एखादी बारीक नळी फाटली तरी दांडा पडतो, पण पुढचं चाक ओढत नाही.

पाचवी पायरी: सांगलीच्या पुरातून आलेली गाडी ओळखणं

कृष्णेच्या महापुराने सांगली २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये बुडाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. त्या पाण्यात कितीतरी गाड्या दिवसचे दिवस उभ्या होत्या, आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात फिरल्या. रानात चालणाऱ्या गाडीत हे ओळखणं जास्त अवघड, कारण विकणारा म्हणतो, "फोर बाय फोर आहे, चिखल तर असणारच." चिखल खाली असणं ठीक. पण पुराचा गाळ बारीक, राखाडी आणि पोचू नये तिथे पोचलेला असतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याचं टोक बघा. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून वायरिंगचे सॉकेट बघा, हिरवट थर धरलाय का. सीटच्या नटांवर, पायाच्या पेडलवर, हेडलाइटच्या आत नजर टाका. काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा. कुबट वास अत्तराने लपत नाही. एमएच-१० (सांगली) असो वा एमएच-०९ (कोल्हापूर), विमा कंपनीकडून जुन्या क्लेमची माहिती काढून घेतल्याशिवाय टोकन देऊ नका. जिथे वायरिंग कमी आहे अशी जुनी जिप्सी पुरातून सावरते. इलेक्ट्रॉनिक्सने भरलेली फॉर्च्युनर वर्षभर नवनवीन दुखणी काढत राहते.

सहावी पायरी: कागद

एमएच-११ म्हणजे सातारा, एमएच-५० कराड. गाडी याच पासिंगची असेल तर काम सोपं. फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. परराज्यातली गाडी असेल तर मूळ आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. दिल्लीच्या बाजूला दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या फॉर्च्युनर आणि पजेरो इकडे आकर्षक भावात येतात. टॅक्स, पासिंग आणि एजंटचा खर्च मिळवून मगच तो भाव स्वस्त आहे का ते ठरवा. व्यवहाराआधी आरटीओत जाऊन आकडा विचारा.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं फेरपासिंग होतं आणि पुढे दर पाच वर्षांनी. पर्यावरण कर वेगळा. लष्कराच्या लिलावातून आलेली जिप्सी असेल तर लिलावाची मूळ पावती आणि तिच्या आधारे झालेली नोंदणी दोन्ही बघा. नुसत्या पावतीवर गाडी घेऊ नका.

आणि बदल. मोठाले टायर, कापलेलं छप्पर, पुढचा लोखंडी बुलबार यांनी भुलू नका. बुलबारला डिसेंबर २०१७ पासून मनाई आहे. कंपनीच्या मूळ रचनेत फरक करणाऱ्या बदलांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट निकाल दिला आहे. बदललेली गाडी पासिंगला अडते आणि अपघातात विमाही अडतो. शिवाय मोठे टायर बसवलेली गाडी बहुधा झोडपलेली असते. मूळ अवस्थेतली, थोडी मळकी, एकाच मालकाची गाडी कधीही जास्त पसंत करा.

सातवी पायरी: पहिला महिना

गाडी दारात आली की आधीच्या मालकाने काय केलं ते विसरा. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरेन्शियल, ब्रेक आणि कूलंट, सगळं एकदा नवीन करा. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका. खटाव-माणचं पाणी जड आहे, रेडिएटरमध्ये क्षार बसतात. शाफ्टच्या निपलना ग्रीस भरा. जुन्या टायरवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं. सहा-सात वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी घाटात भरवशाचा नाही. स्टेपनीसुद्धा.

आठवी पायरी: चालवणं

जिप्सी, जिम्नी, हायलक्स यांत डांबरावर फोर-हाय लावून वळायचं नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. या गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये तो फरक सोसणारं काही नसतं. ताण गिअरांत साठतो, स्टिअरिंग जड होतं आणि महागडे दात तुटतात. घसरडा कच्चा रस्ता लागला की लावा, डांबर आलं की काढा. उलट महिनाभर गरज पडली नाही तरी एकदा मऊ जागी फोर बाय फोर लावून थोडं चालवा, म्हणजे आतलं ऑइल फिरतं आणि सील सुकत नाहीत.

तीव्र कच्च्या उतारावर फोर-लो आणि पहिला गिअर. ब्रेकवर पाय ठेवायची गरजच पडू नये. ओढा ओलांडण्याआधी उतरून काठीने खोली बघा. जिम्नीसाठी कंपनीने पाण्याची मर्यादा फक्त ३०० मिलिमीटर सांगितली आहे, म्हणजे साधारण गुडघ्याच्या खाली. पाणी वाहतं असेल तर त्याहून कमी असलं तरी थांबा. टोचनासाठी पट्टा आणि शॅकल गाडीत ठेवा. नायलॉनचा साधा दोर तुटून काचेतून आत येतो.

आणि सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, गाडी घालू नका. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग आहे. चाळकेवाडी आणि इतर सड्यांवरही जांभ्यावर बोटभर माती असते आणि तिच्यातच ती फुलं उगवतात. एका चाकाचा चर तिथे वर्षानुवर्षं राहतो. कोयना आणि चांदोलीचं जंगल सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे वाट सोडून गाडी घालणं गुन्हा आहे. चालवायची हौस असेल तर कुणाच्यातरी पडीक रानात, परवानगीने.

देखभालीचं वर्षाचं वेळापत्रक पावसावर बांधा. मे महिन्यात ब्रेक, वायपर, टायर आणि चेसिसवर गंजरोधक लेप. आतल्या पोकळीतही, नळीने फवारून. पावसाळ्यात दर चिखलानंतर खालून पाण्याचा मारा, आणि चेसिसच्या भोकांतून स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत थांबायचं. दिवाळीच्या आसपास पाऊस संपला की एकदा सगळी चाकं काढा, ड्रममधला गाळ साफ करा, डिफरेन्शियलचं ऑइल बोटाने बघा आणि हातोडी घेऊन पुन्हा त्याच जागांवर ठोका.